एलईडीतून प्रकाश बाहेर काढण्यासाठी काय निवडावे: सूक्ष्मगोलांचा लेप, खडबडीत पृष्ठभाग की नक्षीदार सफायर?

गॅलियम नायट्राइडच्या निळ्या एलईडीमध्ये विजेपासून प्रकाश निर्माण करण्याचा प्रश्न आता बहुतांशी सुटलेला आहे. खरी अडचण येते ती निर्माण झालेला प्रकाश चिपच्या बाहेर आणताना. या अर्धवाहकाचा अपवर्तनांक निळ्या प्रकाशासाठी सुमारे २.४५ आहे आणि हवेचा १, त्यामुळे क्रांतिक कोन जेमतेम २४ अंशांचा भरतो आणि सपाट पृष्ठभागावर त्याहून अधिक तिरका येणारा प्रत्येक किरण पूर्ण आंतरिक परावर्तनाने मागे फिरतो. प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरतो असे धरले, तर वरच्या सपाट पृष्ठभागातून पहिल्या फेरीत सुटणारा वाटा साडेचार टक्क्यांहूनही कमी येतो. उरलेला प्रकाश चिपच्या आत येरझारा घालतो. त्यातला काही कडांमधून निसटतो, काही तळाशी आदळून पुन्हा संधी मिळवतो आणि बराचसा धातूच्या जोडांत किंवा खुद्द क्वांटम विहिरींत, म्हणजे प्रकाश निर्माण करणाऱ्या अतिपातळ थरांत, शोषला जाऊन उष्णता होतो.

यावर गेल्या तीन दशकांत जे उपाय पुढे आले, त्यांपैकी स्वतःहून रचल्या जाणाऱ्या सूक्ष्मगोलांचा लेप हा दिसायला सर्वांत देखणा आणि ऐकायला सर्वांत स्वस्त आहे. सूक्ष्म नक्षी उमटवणारे लाखो रुपयांचे लिथोग्राफी यंत्र नको, विषारी वायू नकोत, निर्वात कक्ष नको. कणांचे द्रावण पसरवायचे आणि ते वाळताना कणांनी आपोआप शिस्तीत उभे राहायचे. पदव्युत्तर प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी, छोट्या प्रमाणावर पॅकेजिंग करू पाहणारे उद्योजक आणि प्रकाश-पॅनेलवर काम करणारे अभियंते यांना हा मार्ग खुणावतो तो त्यामुळेच. हा लेप कोणत्या पायावर, कोणत्या आवरणाखाली आणि कोणाच्या हातून चढणार आहे, हे प्रश्न मात्र त्याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या ‘पटीं’पेक्षा महत्त्वाचे आहेत आणि पुढची तुलना त्याच दृष्टीने केली आहे.

लेप नेमका कसा बसतो

या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात असलेल्या लीहाय विद्यापीठातले आहे. तेथे नेल्सन तान्सू यांचा अर्धवाहकांवर काम करणारा गट आणि जेम्स गिल्क्रिस्ट यांचा कोलॉइडवर (द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर) काम करणारा गट एकत्र आले आणि २००७ पासून त्यांनी सिलिका व पॉलिस्टायरिनच्या कणांपासून एलईडीवर सूक्ष्मभिंगांचे थर बसवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले.

कृती अशी. वेफर (ज्यातून पुढे चिपा कापतात ती अर्धवाहकाची चकती) आडवा ठेवायचा, त्यावर काचेची एक पट्टी तिरकी टेकवायची आणि दोहोंमधल्या खाचेत कणांच्या द्रावणाचा काही मायक्रोलिटरचा थेंब सोडायचा. मग खालचा वेफर अतिशय संथ गतीने, सेकंदाला काही दहा मायक्रोमीटर इतक्या वेगाने, एका दिशेला सरकवायचा. पट्टीमागे द्रवाची पातळ जीभ ताणली जाते. तिच्या टोकाशी पाणी उडून जाते, उडालेल्या पाण्याची जागा भरून काढण्यासाठी मागून द्रव वाहत येतो आणि तो प्रवाह कणांना टोकाकडे ओढून आणतो. द्रवाची जाडी कणाच्या व्यासापेक्षा कमी झाली की कणांभोवतीचा पृष्ठभाग वाकतो आणि केशाकर्षणाचे बल शेजारच्या कणांना एकमेकांकडे खेचते. कॅरमचा डाव मांडताना सोंगट्या मधोमध जशा एकमेकींना भिडवून बसवतात, तशी षटकोनी मांडणी या कणांची आपसूक होते. मांडणी अचूक जमली तर कण पृष्ठभागाचा जवळजवळ ९०.७ टक्के भाग झाकतात. वाळलेला थर तिरक्या उजेडात धरला की त्यावर इंद्रधनुषी रंग खेळतात. जेथे रंग एकाएकी पांढुरका पडतो तेथे दुसरा थर चढलेला असतो आणि जेथे मंदावतो तेथे कण विरळ असतात. सूक्ष्मदर्शकाखाली नेण्याआधी एवढी परीक्षा नुसत्या डोळ्यांनी होते.

वेग किती ठेवायचा याचे गणित दिमित्रोव्ह आणि नागायामा यांनी १९९६ सालीच मांडून ठेवले आहे. एकेरी थर हवा असेल तर सरकवण्याचा वेग बाष्पीभवनाच्या दराच्या आणि द्रावणातील कणांच्या प्रमाणाच्या पटीत वाढवावा लागतो आणि थराची जाडी वाढली तर तो कमी करावा लागतो. या साध्या संबंधातच या पद्धतीची नस आहे. बाष्पीभवन हवेतील आर्द्रतेवर अवलंबून असते, त्यामुळे मे महिन्यात नागपुरात जमलेला वेग जुलैच्या मुंबईत जमणार नाही. आर्द्रता आणि तापमान बांधून ठेवणारी बंदिस्त पेटी नसेल तर एकाच प्रयोगशाळेतही सकाळचा आणि दुपारचा थर सारखा येत नाही. ‘यंत्रसामग्री नको’ हा दावा तेवढ्यापुरता तरी मर्यादित समजावा.

कणांचा एकेरी थर चिपवर नुसता ठेवला म्हणजे काम झाले असेही नाही. गोल सपाट पृष्ठभागाला एकाच बिंदूत टेकतो. त्या बिंदूभोवती हवा उरते आणि क्रांतिक कोनापलीकडचा प्रकाश ती हवा ओलांडू शकत नाही. म्हणून लीहायच्या गटाने सिलिकाच्या गोलांसोबत पॉलिस्टायरिनचा थर दिला आणि नंतर तो तापवून वितळवला. पॉलिस्टायरिन सिलिकाच्या गोलांच्या बुडाशी भरले, गोल अर्धे त्यात रुतले आणि वर उरलेल्या अर्ध्या गोलांनी भिंगांचे काम केले. लेपाच्या नावात मान सूक्ष्मगोलांना मिळतो, पण प्रकाशाला अर्धवाहकातून बाहेर येण्याची वाट हे भरणद्रव्यच करून देते.

अडीच पट, पण कशाच्या

याच गटाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रकाश बाहेर येण्यात प्रयोगातून २.४९ पट आणि किरणमार्गाच्या संगणकीय अनुकरणातून २.६४ पट वाढ नोंदवली आहे. आकडे खरे आहेत आणि त्यांच्यातला मेळही चांगला आहे. ते कोणत्या पायावर उभे आहेत हे पाहिले की निवड करणे सोपे जाते.

पॉलिस्टायरिनचा अपवर्तनांक सुमारे १.६ आहे. गॅलियम नायट्राइडमधून या द्रव्यात जाताना क्रांतिक कोन २४ अंशांवरून जवळपास ४१ अंशांपर्यंत रुंदावतो आणि पहिल्या फेरीत सुटू शकणारा वाटा सव्वाचार-साडेचार टक्क्यांवरून बारा टक्क्यांच्या थोडा वर जातो. या दोन आकड्यांचे गुणोत्तर सुमारे २.८ येते. म्हणजे वरची भिंगे कितीही निर्दोष असली, तरी एका फेरीच्या हिशेबात या लेपाची कमाल मर्यादा भरणद्रव्याच्या अपवर्तनांकाने आधीच ठरवून दिलेली आहे आणि २.६४ हा आकडा त्या मर्यादेच्या आतच बसतो. भिंगांचे काम एवढेच की पॉलिस्टायरिनमध्ये शिरलेला प्रकाश तेथून हवेत जाताना पुन्हा अडकू नये. याला जोडून आणखी एक छोटा लाभ मिळतो: गॅलियम नायट्राइडवरून थेट हवेत जाताना लंब दिशेनेही सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित होतो आणि मधल्या अपवर्तनांकाच्या द्रव्यामुळे तो तोटा कमी होतो.

आता बाजारात मिळणारा कोणताही एलईडी पाहा. त्याची चिप उघडी नसते. तिच्यावर सिलिकोनचे आवरण असते आणि त्याचा अपवर्तनांक प्रकारानुसार सुमारे १.४१ ते १.५३ असतो. अपवर्तनांक १.५ असलेल्या सिलिकोनमुळे सुटणारा वाटा साडेदहा टक्क्यांच्या आसपास जातो. कोणतेही कण न मांडता, केवळ घुमटाकार आवरणाने, सुमारे २.४ पटीचा लाभ आधीच पदरात पडलेला असतो. लेप दिलेली चिप अशा सिलिकोनखाली गाडली तर काय उरते? सिलिकाचा अपवर्तनांक १.४६, पॉलिस्टायरिनचा १.६ आणि सिलिकोनचा १.५, हे तिघे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की प्रकाशाला भिंगांचे उंचवटे जवळजवळ दिसतच नाहीत. उघड्या चिपवर अडीच पट दिसणारा लाभ पॅकेजमध्ये गेल्यावर नाममात्र उरण्याचे कारण हे आहे आणि ते लेपाच्या गुणवत्तेशी संबंधित नाही.

यातून सुटण्याची एक वाट म्हणजे उच्च अपवर्तनांकाचे कण वापरणे. टायटॅनियम डायऑक्साइडचा अॅनाटेज प्रकार दृश्य प्रकाशात सुमारे २.५ पर्यंत जातो, म्हणजे गॅलियम नायट्राइडच्या बरोबरीचा. त्याचे सूक्ष्मगोल चिपवर बसवण्याचे प्रयोगही लीहायच्या गटाने केले आहेत. तत्त्वतः येथे मर्यादा राहत नाही आणि सिलिकोनखालीही भिंगाचा आकार प्रकाशाला दिसतो. अडचण अशी की एकसारख्या व्यासाचे आणि घट्ट, सच्छिद्र नसलेले असे टायटॅनियम डायऑक्साइडचे गोल बनवणे सिलिकाच्या तुलनेत फार कठीण आहे. सिलिकासाठी १९६८ पासून द्रावणातून गोल घडवण्याची श्टोबर पद्धत उपलब्ध आहे आणि तिने मिळणारे गोल एकसारखेपणात आदर्श मानले जातात. टायटॅनियमच्या बाबतीत तेवढी सोय नाही. शिवाय बिंदूस्पर्शाचा प्रश्न येथेही राहतोच, कारण त्याच अपवर्तनांकाचे भरणद्रव्य सहज मिळत नाही.

खडबडीत पृष्ठभाग: अर्धवाहकालाच कोरणे

लेपाचा मुख्य प्रतिस्पर्धी म्हणजे पृष्ठभागच खडबडीत करणे. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील फुजी आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवून दिले की ज्यावर गॅलियम नायट्राइडचा स्फटिक वाढवतात तो सफायरचा आधार लेसरच्या साहाय्याने काढून टाकला आणि उघड्या पडलेल्या नायट्रोजन-बाजूला (स्फटिकाच्या नायट्रोजनचे अणू असलेल्या बाजूला) रासायनिक कोरणी केली, तर तेथे षटकोनी सुळके तयार होतात आणि बाहेर येणारा प्रकाश दुप्पट ते तिप्पट होतो. नोबेल पारितोषिकाचे मानकरी शुजी नाकामुरा हे या कामात सहभागी होते.

नुसते आकडे शेजारी ठेवले तर २.४९ पट आणि दोन ते तीन पट हे जवळपास बरोबरीचे वाटतील. मात्र सुळके अर्धवाहकाचेच असतात, त्यामुळे मधल्या द्रव्याच्या अपवर्तनांकाची मर्यादा त्यांना लागू पडत नाही. सिलिकोनखाली गेल्यावरही २.४५ आणि १.५ यांच्यातला फरक टिकून राहतो आणि सुळके किरणांची दिशा बदलण्याचे काम करतच राहतात. तळाशी चांदीसारखा चांगला परावर्तक असेल तर मागे फिरलेला किरण प्रत्येक फेरीत नव्या कोनात वर येतो आणि काही फेऱ्यांत सुटतो. म्हणूनच मोटारींचे पुढचे दिवे, प्रोजेक्टर अशा ठिकाणी, जेथे लहान पृष्ठभागातून एकाच बाजूला भरपूर प्रकाश हवा असतो, तेथे आधार काढलेल्या पातळ चिपा आणि खडबडीत पृष्ठभाग ही जोडी रुळली.

खर्चाची बाजूही तितकीच ठसठशीत आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे स्वस्त रसायन असले तरी ते नायट्रोजन-बाजूलाच सहज कोरते. नेहमीच्या चिपमध्ये वर असते ती गॅलियम-बाजू, आणि ती या रसायनाला फारशी दाद देत नाही. त्यामुळे वेफर दुसऱ्या आधारावर चिकटवणे, २४८ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेसरने सफायर सोडवणे आणि हे करताना काही मायक्रोमीटर जाडीचा थर तडकू न देणे, हा सगळा संसार मांडावा लागतो. वरची पी-प्रकारची बाजू प्लाझ्माने कोरावी म्हटले तर ती साधारण शे-दोनशे नॅनोमीटर इतकीच जाड असते आणि प्लाझ्माच्या माऱ्याने तिचा विद्युत्‌संपर्क बिघडतो. लेपाचे खरे सामर्थ्य येथे दिसते: तो अर्धवाहकाला ओरखडाही काढत नाही, चिपचे विद्युत्‌गुण जसेच्या तसे राहतात आणि न जमल्यास बहुतेक वेळा धुऊन काढता येतो. संशोधनाच्या टप्प्यावर, मोजक्या चिपा हाताशी असताना, ही सवलत लहान नाही.

नक्षीदार सफायर आणि बाकीचे पर्याय

ज्या सफायरवर गॅलियम नायट्राइड वाढवायचे त्यावर आधीच काही मायक्रोमीटर अंतराने शंकूंची नक्षी कोरून घेणे, हा तिसरा मार्ग. २००१ साली जपानमधील तादातोमो आणि सहकाऱ्यांनी नक्षी कोरलेल्या आधारावर वाढवलेल्या ३८२ नॅनोमीटरच्या एलईडीतून २४ टक्के बाह्य क्वांटम कार्यक्षमता (आत शिरणाऱ्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर येणारे फोटॉन) मिळवली. या मार्गाचा लाभ दुहेरी आहे. शंकू प्रकाशाला विखुरतात आणि त्यांच्या कडेने स्फटिक आडवा वाढत असल्यामुळे त्यातील दोषही कमी होतात. घरगुती दिव्यांत लागणाऱ्या मध्यम शक्तीच्या चिपांसाठी हा मार्ग आज जवळजवळ गृहीत धरला जातो आणि त्याचा निर्णय स्फटिक वाढवण्यापूर्वीच झालेला असतो. तयार चिप विकत घेणाऱ्याच्या हाती यात काही उरत नाही, एवढे मात्र उरते की त्याच्या चिपमध्ये ही नक्षी आधीच आहे का हे विचारणे. असेल, तर वरून दिलेल्या लेपाने मिळू शकणारा लाभ आणखी आकसतो, कारण आत अडकलेल्या किरणांची दिशा बदलण्याचे काम शंकू करतच असतात.

प्रकाशीय स्फटिक, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीएवढ्या अंतरावर नियमित छिद्रे कोरणे, हा वैज्ञानिकदृष्ट्या सर्वांत मोहक पर्याय आहे. व्हीरर, डेव्हिड आणि मेगेन्स यांनी २००९ साली कोणतेही आवरण नसलेल्या अशा एलईडीतून ७३ टक्के प्रकाश बाहेर आल्याचे दाखवले. तो आकडा आदराने पाहावा असाच आहे, पण त्यासाठी लागणारी सूक्ष्म नक्षीची अचूकता आणि अतिशय पातळ चिप यांमुळे हा मार्ग विशिष्ट, दिशादर्शी प्रकाशाच्या उपयोगांपुरता राहिला. चिपलाच आकार देण्याचा मार्ग त्याहून जुना. ह्यूलेट-पॅकार्डमधील क्रेम्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली उलट्या, शेंडा कापलेल्या पिरॅमिडच्या आकाराची लाल चिप बनवून ५० टक्क्यांहून अधिक बाह्य क्वांटम कार्यक्षमता गाठली. तो आकार देण्यासाठी चिप जाड आणि पारदर्शक लागते, म्हणून त्याची गाठ गॅलियम फॉस्फाइडच्या आधाराशी पक्की बांधलेली आहे.

उष्णता, तारा आणि करवत

प्रकाशाच्या हिशेबात टिकलेला लेप कारखान्यात टिकतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि निबंधांत त्याला सहसा ओळभर जागा मिळते. पॉलिस्टायरिन सुमारे १०० अंश सेल्सियसला मऊ पडते. चालू असलेल्या शक्तिशाली एलईडीचे तापमान जोडाशी यापलीकडे सहज जाते आणि शिसेविरहित डाखकामाच्या भट्टीत पॅकेजला काही क्षण सुमारे २६० अंश सोसावे लागतात. ज्या भरणद्रव्यावर सगळा लाभ उभा आहे, तेच या भट्टीत वितळेल. निळ्या आणि जंबुपार प्रकाशात पॉलिस्टायरिन कालांतराने पिवळेही पडते. प्रयोगशाळेत संकल्पना सिद्ध करण्यासाठी ते उत्तम आहे. उत्पादनासाठी त्याच्या जागी सिलिकोन किंवा सोल-जेल पद्धतीने, म्हणजे द्रावण घट्ट करून, बनवलेली काचेसारखी सिलिका वापरावी लागेल आणि तसे केले की अपवर्तनांक १.४ ते १.५ वर उतरून मर्यादाही खाली येते.

दुसरी अडचण तारांची. चिपच्या वरच्या बाजूला सोन्याची तार जोडण्यासाठी धातूचे ठिपके असतात आणि पसरता थर ते झाकून टाकतो. ते पुन्हा उघडे करायचे तर मुखवटा द्यावा लागतो, म्हणजे जी लिथोग्राफी टाळायची म्हणून हा मार्ग धरला तीच मागच्या दाराने आत येते. लेप वेफरवर दिला तर चिपा कापताना पाण्याच्या माऱ्यात तो टिकला पाहिजे. केवळ व्हॅन डर वाल्स बलाने चिकटलेले कण तेथे टिकत नाहीत. कापल्यानंतर सुट्या चिपांवर लेप द्यायचा, तर शेकडो मायक्रोमीटर उंचीच्या कडांवर द्रवाची जीभ तुटते आणि एकेरी थर जमतच नाही. खडबडीत पृष्ठभाग आणि नक्षीदार सफायर यांना यांपैकी कोणताच जाच नाही, कारण ते दोन्ही स्फटिकाचाच भाग आहेत.

कण लेप म्हणून नव्हे, साचा म्हणून

माझ्या मते स्वयंरचित कणांचे सर्वांत मोलाचे काम त्यांना शेवटपर्यंत चिपवर ठेवण्यात नाही. डेकमन आणि डन्समुइर यांनी १९८२ साली कणांच्या थराचा उपयोग कोरणीच्या मुखवट्यासारखा करण्याची पद्धत मांडली आणि तिला ‘नैसर्गिक लिथोग्राफी’ असे नाव दिले. १९९३ साली श्नित्झर, याब्लोनोविच आणि सहकाऱ्यांनी तीच पद्धत गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ एलईडीवर वापरली. पॉलिस्टायरिनचे गोल पृष्ठभागावर पसरवले, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा कोरल्या आणि मग गोल काढून टाकले. बाह्य कार्यक्षमता ३० टक्क्यांवर गेली, जी त्या काळाच्या मानाने चकित करणारी होती.

या वापरात लेपाच्या जवळजवळ सगळ्या उणिवा गळून पडतात. कण शेवटी धुतले जाणार असल्यामुळे ते किती तापमान सोसतात, पिवळे पडतात का, सिलिकोनखाली दिसतात का हे प्रश्नच उरत नाहीत आणि मागे राहणारा आकार अर्धवाहकाच्या किंवा सफायरच्या अपवर्तनांकाचा असतो. मांडणीत अधूनमधून पडलेल्या भेगाही येथे चालून जातात, कारण प्रकाश विखुरण्यासाठी निर्दोष षटकोन लागत नाही. सफायरवर नक्षी कोरण्यासाठी असा मुखवटा वापरला तर लिथोग्राफीच्या महागड्या स्टेपर यंत्राशिवाय लहान वेफर तयार होऊ शकतात. कणांच्या थरावरून पॉलिडायमिथाइल सिलॉक्सेनचा साचा काढून त्याने पुन्हा पुन्हा ठसे उमटवणे हाही याच जातीचा उपाय. रचना एकदाच जमवायची आणि नकला हव्या तितक्या काढायच्या.

प्रसिद्ध आकडे वाचताना

कोणत्याही निबंधातील किंवा विक्रेत्याच्या पत्रकातील वाढ निर्णयासाठी वापरण्यापूर्वी मोजणी कशी केली हे पाहावे. चिपच्या बरोबर वर शोधक ठेवून मोजलेली वाढ आणि समाकलन गोलात (सर्व दिशांचा प्रकाश एकत्र मोजणाऱ्या पोकळ गोलात) मोजलेली वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंगांचा थर तिरका प्रकाश वरच्या दिशेला वळवतो, त्यामुळे पहिल्या प्रकारच्या मोजणीत एकूण प्रकाश न वाढताही मोठी वाढ दिसू शकते. लेपाआधी आणि लेपानंतर तीच चिप मोजली की शेजारची दुसरी, आवरणाशिवाय मोजली की आवरणासह, आणि तुलनेची चिप सपाट सफायरवरची होती की नक्षीदार, एवढ्या गोष्टी कळल्या तरी निम्मे काम होते. ‘किती टक्के वाढ’ आणि ‘किती पट’ यांची सरमिसळ तर इतकी होते की १५० टक्के वाढ म्हणजे अडीच पट हे प्रत्येक वेळी मनाशी घोकून घ्यावे लागते.

कोणी काय निवडावे

भोसरी किंवा अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीत तयार पॅकेज आणून दिवे जोडणाऱ्या उद्योजकासाठी या लेपात काही नाही. त्याच्या हाती येणाऱ्या पॅकेजमध्ये आवरण, निळ्या प्रकाशाचा पांढरा करणारा फॉस्फर आणि बहुधा नक्षीदार सफायर आधीच आलेले असते. त्याला अधिक प्रकाश मिळेल तो उष्णता वाहून नेणाऱ्या चांगल्या पाटीतून, योग्य विद्युत्‌प्रवाहातून आणि प्रकाश कमी शोषणाऱ्या विसारकातून (दिव्याच्या दुधी झाकणातून). सुटी चिप आणून पॅकेजिंग करणाऱ्याने आधी आवरणाचा अपवर्तनांक आणि घुमटाचा आकार सुधारावा, कारण तेथला लाभ स्वस्त आणि टिकाऊ आहे. स्फटिक वाढवण्यापासून सर्व काही स्वतः करणाऱ्यापुढे खरी निवड नक्षीदार सफायर आणि आधार काढून केलेला खडबडीत पृष्ठभाग यांतली आहे. सर्व बाजूंनी प्रकाश चालत असेल तर पहिले, एकाच बाजूने तीव्र प्रकाश हवा असेल तर दुसरे.

काचेवर बनवलेले सेंद्रिय एलईडी पॅनेल हे मात्र लेपासाठी अगदी वेगळे क्षेत्र आहे आणि तेथे माझे झुकते माप लेपालाच आहे. साध्या रचनेत अशा पॅनेलमधून निर्माण झालेल्या प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्साच समोर येतो आणि उरलेल्यापैकी मोठा भाग काचेतच अडकून कडांकडे वाहत जातो. काचेचा अपवर्तनांक १.५ असल्यामुळे सिलिका किंवा पॉलिस्टायरिनचा लेप तिच्याशी सहज जुळतो, मघाची मर्यादा येथे आडवी येत नाही आणि लेपावर हवाच असते, सिलिकोनचा घुमट नसतो. पृष्ठभाग सपाट आणि मोठा, त्यावर तारा नाहीत, करवत नाही, डाखकामाची भट्टी नाही. मोलर आणि फॉरेस्ट यांनी २००२ साली नियमित सूक्ष्मभिंगांचा पत्रा काचेवर चिकटवून १.५ पट प्रकाश मिळवला होता; कणांपासून रचलेला थर तेच काम साच्याशिवाय करू शकतो. अपवाद पडद्यांचा. दूरध्वनीच्या किंवा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अशी भिंगे शेजारच्या ठिपक्यांचा प्रकाश एकमेकांत मिसळतील, म्हणून हे केवळ प्रकाश देणाऱ्या पॅनेलपुरते समजावे.

निर्जंतुकीकरणासाठी लागणारे २६५ ते २८० नॅनोमीटरचे जंबुपार एलईडी हे दुसरे विचारणीय क्षेत्र. त्यांची कार्यक्षमता बहुधा एक अंकी टक्क्यांत अडकलेली असते. २०१७ साली जपानच्या रिकेन संस्थेशी संबंधित ताकानो आणि सहकाऱ्यांनी २७५ नॅनोमीटरवर २०.३ टक्के गाठले, तेही नक्षीदार सफायर, पारदर्शक संपर्कथर, ऱ्होडियमचा आरसा आणि आवरण असे अनेक उपाय एकत्र करून. या तरंगलांबीला नेहमीची सिलिकोन टिकत नाहीत, त्यामुळे पुष्कळ पॅकेजांत चिप आवरणाविना असते आणि प्रकाश सफायरच्या मोकळ्या पाठीतून बाहेर येतो. या पाठीवर तार नाही, ती उष्णता सोसते आणि सिलिकाचे गोल या प्रकाशाला पारदर्शक आहेत. पॉलिस्टायरिन येथे अजिबात चालणार नाही, ते हा प्रकाश शोषून घेते. भरणद्रव्यही सोल-जेल सिलिकाच हवे. लाभ मर्यादित राहील, कारण पुष्कळसा प्रकाश सफायरपर्यंत पोहोचण्याआधीच पी-प्रकारच्या गॅलियम नायट्राइडमध्ये शोषला जातो, पण येथे लेपाला सिलिकोनशी स्पर्धा करावी लागत नाही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हा विषय घ्यायचा असेल तर पहिली मोजणी लेपाशिवाय करावी. एकाच वेफरवरच्या काही चिपा समाकलन गोलात कोऱ्या मोजाव्यात आणि त्यांतल्या निम्म्यांवर सिलिकोनचा घुमट देऊन पुन्हा मोजाव्यात. उरलेल्या चिपांवर कणांचा थर बसवून त्या आधी उघड्या आणि मग सिलिकोनसह मोजाव्यात. सिलिकोनखालच्या कोऱ्या आणि सिलिकोनखालच्या लेपित चिपांमधला फरक मोजणीच्या चुकीपेक्षा मोठा निघाला नाही, तर पुढचा वेळ कणांचा वेग आणि आर्द्रता साधण्यात न घालवता तेच कण मुखवटा म्हणून वापरून सफायर कोरण्याकडे वळवावा.